कॉलेजच्या डिबेट टीममध्ये यायचंय? आधी घड्याळ धरायला या

दरवर्षी कॉलेज सुरू झालं की महिन्याभरात तेच मेसेज यायला लागतात. "ताई, मला टीममध्ये यायचंय पण इंग्लिश तेवढं चांगलं नाही." "शाळेत कधी वक्तृत्व केलं नाही, चालेल का?" "स्टेजवर गेलं की पाय कापतात, काय करू?" आणि दरवर्षी मी एकेकाला वेगवेगळं उत्तर टाइप करत बसते, म्हणून म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून ठेवावं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेतून पुण्यात शिकायला आले. तीन वर्षं कॉलेजच्या टीममध्ये होते, शेवटच्या वर्षी टीम सांभाळली, आता कुठे परीक्षक म्हणून बोलावलं तर जाते. या सगळ्यात जी मुलंमुली खरोखर पुढे गेलेली पाहिली ती पहिल्या दिवशी सगळ्यात छान बोलणारी नव्हती, ती सगळ्यात जास्त ऐकणारी होती. छान बोलणारे बरेच जण दिवाळीपर्यंत गळतात, कारण शाळेपासून त्यांना टाळ्यांची सवय असते आणि इथे पहिले दोन-तीन महिने टाळ्या नसतात, चुका सांगितल्या जातात. तेव्हा बोलता येत नाही म्हणून घाबरत असाल तर ती भीती सध्या बाजूला ठेवा आणि पुढचं वाचा.

आधी बघा, कॉलेजमध्ये नेमकं आहे काय

"डिबेट" या एका शब्दाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टी चालतात आणि नवीन मुलं इथेच गोंधळतात.

पहिली म्हणजे आपली मराठी करंडकांची दुनिया. यात वक्तृत्व असतं, म्हणजे विषय आधी जाहीर झालेला, एकट्याने उभं राहून पाच-सात-आठ मिनिटं (स्पर्धेच्या नियमाप्रमाणे) बोलायचं. उत्स्फूर्त असतं, म्हणजे चिठ्ठी उचलायची आणि थोडा वेळ विचार करून बोलायला उभं राहायचं. आणि वादविवाद असतो, ज्यात बहुतेक ठिकाणी एका कॉलेजचे दोघं जातात, एक अनुकूल बाजूने बोलतो, दुसरा प्रतिकूल, आणि दोघांचे गुण मिळवून सांघिक फिरता करंडक ठरतो. ही पद्धत मला फार आवडते, कारण यात तुमचा जोडीदारच तुमचा विरोधक असतो. तयारी करताना तुम्ही दोघं एकमेकांचे मुद्दे इतके खोडता की स्पर्धेत समोरचा काय बोलणार याचं निम्मं तरी आधीच ऐकून झालेलं असतं.

दुसरी गोष्ट युवा महोत्सव. विद्यापीठाच्या पातळीवर होतो, त्यात नाटक, नाच, गाण्यासोबत वक्तृत्व-वादविवादही असतो, आणि विद्यापीठाच्या संघात निवड झाली तर राज्यातल्या विद्यापीठांच्या 'इंद्रधनुष्य' महोत्सवापर्यंत जाता येतं. याची नावं कॉलेजच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांकडून जातात. ते कोण आहेत हे पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा, बऱ्याच जणांना तिसऱ्या वर्षापर्यंत माहीत नसतं.

तिसरी म्हणजे पार्लमेंटरी डिबेट. मुख्यतः इंग्लिशमध्ये चालते, विषयाला मोशन म्हणतात, आणि मोशन स्पर्धेच्या जागेवरच, डिबेटच्या थोडं आधी कळतं. यात आपल्याकडे दोन प्रकार जास्त दिसतात. एशियन पार्लमेंटरी, ज्याला सगळे नुसतं एपी म्हणतात, त्यात दोन टीम, प्रत्येकी तीन वक्ते. तीन मोशन देतात, दोन्ही टीमने आपापला पसंतीक्रम लावायचा आणि त्यावरून एक ठरतं, मग साधारण अर्धा तास तयारीला. प्रत्येकाचं भाषण सात मिनिटं आणि शेवटी दोन्ही बाजूंचं चार-चार मिनिटांचं रिप्लाय स्पीच, जे पहिल्या किंवा दुसऱ्या वक्त्यानेच करायचं, त्यात नवीन मुद्दा आणायचा नाही. दुसरा प्रकार ब्रिटिश पार्लमेंटरी, म्हणजे बीपी. एका खोलीत चार टीम, प्रत्येकी दोघं, दोन टीम सरकारच्या बाजूने आणि दोन विरोधात, तयारीला फक्त पंधरा मिनिटं, आणि शेवटी चारही टीमचा क्रम लागतो, पहिल्या टीमला तीन गुण, मग दोन, एक, शून्य. म्हणजे तुमच्याच बाजूने बोलणाऱ्या दुसऱ्या टीमशीही तुमची स्पर्धा. जगभरातल्या विद्यापीठांची जी मोठी चॅम्पियनशिप असते, जिला नुसतं 'वर्ल्ड्स' म्हणतात, ती बीपीमध्येच होते, २०१४ ची वर्ल्ड्स चेन्नईत झाली होती.

आता तुमच्या कॉलेजमध्ये यातलं काय आहे? काही ठिकाणी मराठीचं वाङ्मय मंडळ किंवा वादसभा वेगळी आणि इंग्लिश डिबेट सोसायटी वेगळी, दोघांचं एकमेकांशी बोलणंही नसतं. काही ठिकाणी एकच टीम सगळं करते. नोटीस बोर्ड बघा, इन्स्टा पेज बघा, पण खरी माहिती लायब्ररीबाहेर किंवा कँटीनमध्ये सेकंड इयरच्या कोणाला तरी विचारून मिळते. "आपल्या कॉलेजकडून स्पर्धांना कोण जातं?" एवढं विचारा, एक-दोन नावं मिळतील, त्यांना जाऊन भेटा. मेसेजपेक्षा भेटा, मेसेज पन्नास जण करतात.

इंग्लिशची भीती असेल तर मराठीपासून सुरुवात करा, त्यात काहीही कमीपणा नाही. मी दीड वर्ष फक्त मराठी स्पर्धा केल्या आणि मग एपीला बसले, तेव्हा माझं इंग्लिश अडखळत होतं पण मुद्दा कसा बांधायचा ते हाताला बसलेलं होतं. पार्लमेंटरीमध्ये चांगला परीक्षक उच्चारांचे गुण कापत नाही, मुद्दा कळला का ते बघतो.

विद्यार्थ्यांनी चालवलेली टीम म्हणजे काय

हे समजून घ्या, म्हणजे पुढे राग येणार नाही. अशा टीमला पगारी कोच नसतो. एखादे सर किंवा मॅडम समन्वयक म्हणून सही करतात, पण सराव घेणं, स्पर्धा शोधणं, नावं पाठवणं, तिकिटं काढणं, नवीन मुलांना शिकवणं, सगळं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं करतात, तीसुद्धा स्वतःचे सबमिशन आणि परीक्षा सांभाळून. म्हणून कधी सराव अचानक रद्द होतो, कधी मेसेजला दोन दिवस उत्तर येत नाही.

ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे बरं का. १८४८ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टन या शिक्षणसंस्थेतल्या विद्यार्थ्यांनी स्वतःची सभा काढली होती, दादाभाई नौरोजी त्यातलेच. तिथे निबंध वाचायचे, त्यावर चर्चा करायचे, आणि तिच्या मराठी-गुजराती ज्ञानप्रसारक शाखाही होत्या. पुढच्याच वर्षी त्यांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या आणि सुरुवातीला या पोरांनीच तिथे बिनपगारी शिकवलं. मला ही गोष्ट फार जवळची वाटते, कारण बोलायला जमलेली मुलं बोलून घरी गेली नाहीत, ज्यांना बोलायची संधीच नव्हती त्यांच्यापर्यंत गेली.

आणखी एक. 'वक्ता दशसहस्रेषु' हे शब्द तुम्ही ऐकले असतील, लोकसत्ताची राज्यस्तरीय वक्तृत्व स्पर्धा याच नावाची आहे. मूळ सुभाषित असं की शंभरात एखादा शूर निघतो, हजारात एखादा पंडित आणि दहा हजारांत एखादा वक्ता. नवीन मुलं इथवर ऐकून घाबरतात, की दहा हजारांत एक म्हणजे आपण काही त्यातले नाही. पण ओळ पुढे आहे, की देणारा तर असतो किंवा नसतोही. म्हणजे वक्त्यापेक्षा दाता दुर्मीळ. स्वतःची परीक्षा असताना संध्याकाळी दोन तास थांबून तुमचं भाषण ऐकणारी सीनियर मला तो दाता वाटते, आणि टीम चालते ती अशा दोन-तीन जणांवरच.

निवडीच्या दिवशी

निवड, ऑडिशन, ट्रायआउट, काहीही म्हणा, साधारण एकाच पद्धतीने होते. विषय देतात, थोडा वेळ देतात, दोन-तीन मिनिटं बोलायला लावतात आणि मग समोर बसलेले सीनियर उलट प्रश्न विचारतात. बहुतेक नवीन मुलं भाषणाची तयारी करून येतात आणि प्रश्नांना कोसळतात, खरं तर निवडणाऱ्याचं लक्ष प्रश्नोत्तरांकडेच जास्त असतं. निदान मी निवड घ्यायचे तेव्हा वहीत तीनच गोष्टी लिहायचे: विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर दिलं का, चूक दाखवल्यावर मान्य केली का, आणि दुसरा बोलत असताना हा काय करत होता.

तिसरी गोष्ट कोणाच्याच लक्षात येत नाही. स्वतःचं बोलून झालं की मुलं मोबाईल काढतात किंवा निघून जातात. जी मुलगी शेवटपर्यंत थांबून बाकीच्यांचं ऐकत होती आणि नंतर येऊन म्हणाली, "त्या तिसऱ्या मुलाने जे सांगितलं त्याला असं उत्तर देता आलं असतं का?", तिला मी भाषण फसलं असूनही घेतलं होतं. पुढे ती आमच्या टीमची सगळ्यात भरवशाची वक्ता झाली.

पाठ केलेलं भाषण आणू नका. शेराने किंवा अभंगाने सुरुवात, मध्ये एक हुंदका, शेवटी मूठ आवळून घोषणा, हे शाळेत बक्षीस मिळवून देतं, इथे पहिल्या मिनिटात ओळखू येतं. तुकोबांचं वचन घ्या की, पण ते मुद्द्याला लागू पडत असेल तर घ्या.

आणि उत्स्फूर्त बोलायची वेळ आली, काहीच सुचत नाहीये असं वाटलं, तर मी सगळ्यांना एकच प्रसंग सांगते. १७ डिसेंबर १९४६, संविधान सभेत उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. अध्यक्षांनी बाबासाहेबांचं नाव पुकारलं आणि त्यांनी उभं राहून आधी हेच सांगितलं, की माझ्या आधी वीस-बावीस नावं आहेत, माझा नंबर आलाच तर उद्या येईल असं मला वाटलं होतं, तयारीने आलो असतो तर बरं झालं असतं. आणि मग त्यांनी जे भाषण केलं ते आजही वाचलं जातं. त्या दिवशीची तयारी नव्हती, पण त्यामागे वाचन आणि विचार किती वर्षांचा होता ते बघा. संविधान सभेच्या चर्चा इंटरनेटवर सगळ्या उपलब्ध आहेत, हे भाषण आणि २५ नोव्हेंबर १९४९ चं भाषण, दोन्ही शांतपणे वाचाच.

निवड झाली नाही तर? तरीही सरावाला या. विद्यार्थ्यांच्या टीममध्ये दाराला कुलूप नसतं. "मी बसून ऐकू का?" असं विचारलं आणि कोणी नाही म्हटलं असं मी तरी पाहिलेलं नाही. पुढच्या निवडीपर्यंत तुम्ही त्यांच्या ओळखीचे झालेले असता.

आता घड्याळाबद्दल

प्रत्येक सरावाला कोणीतरी वेळ लावायला लागतो आणि ते काम कोणालाच नको असतं, सगळ्यांना बोलायचं असतं. तुम्ही घ्या. एपीच्या भाषणात पहिलं मिनिट संपलं की एकदा टेबल वाजवायचं, सहावं संपलं की पुन्हा एकदा, सातवं संपलं की दोनदा. पहिल्या आणि सहाव्या मिनिटाच्या मधल्या वेळातच समोरच्याला उभं राहून प्रश्न विचारता येतो, त्याला पीओआय, म्हणजे पॉइंट ऑफ इन्फर्मेशन म्हणतात. मराठी स्पर्धेत हेच घंटेने होतं, आधी इशाऱ्याची घंटा आणि मग वेळ संपल्याची.

घड्याळ धरलं की काय होतं, तर तुम्ही अख्खं भाषण सेकंदासकट ऐकता. दहा-बारा सरावांनंतर तुमच्या लक्षात यायला लागतं की बहुतेक जण पहिली दोन मिनिटं प्रस्तावनेत घालवतात आणि सगळ्यात चांगला मुद्दा शेवटच्या तीस सेकंदांत घाईघाईने बोलतात. सात मिनिटं म्हणजे किती हे अंगात मुरतं. मी पहिल्या सेमिस्टरमध्ये जवळजवळ फक्त हेच केलं. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू, बरोबरची मुलं स्पर्धेला जात होती आणि मी टेबल वाजवत होते. पण जानेवारीत पहिल्यांदा बोलायला उभी राहिले तेव्हा घड्याळाकडे न बघता मला कळत होतं की आता चार मिनिटं झाली असतील, दुसऱ्या मुद्द्यावर जायला हवं.

दुसरं काम म्हणजे नोंदी. याला चांगला कागद लागतो. एफोरचा आडवा कागद घ्या, प्रत्येक वक्त्यासाठी एक उभा रकाना आखा, दोन रंगांची पेनं ठेवा, निळ्याने समोरचा काय म्हणाला ते आणि लाल पेनाने त्याच्या शेजारीच तुमचं उत्तर. पूर्ण वाक्यं लिहायची नाहीत, हात पुरणार नाही. पहिल्यांदा तुमचा कागद अर्धा रिकामा राहील, चालतं. महिन्याभरात भरायला लागेल, आणि मग एक दिवस दिसेल की पहिल्या रकान्यातल्या एका मुद्द्यासमोर शेवटपर्यंत कोणीच लाल पेनाने काही लिहू शकलेलं नाही, म्हणजे त्याला कोणी उत्तरच दिलं नाही. डिबेट बहुतेक वेळा त्या मुद्द्यावर जिंकली जाते.

मुद्दा बांधायचा कसा

इथे जरा जास्त वेळ घेते कारण हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे आणि हेच कोणी नीट शिकवत नाही.

समजा विषय आहे, "या सभागृहाच्या मते कॉलेजमधली ७५ टक्के हजेरीची सक्ती रद्द करावी." नवीन मुलगा उभा राहून म्हणतो, विद्यार्थ्यांना स्वातंत्र्य हवं, आपण लोकशाहीत राहतो, जबरदस्तीने शिक्षण होत नाही. तीन वाक्यं, तिन्ही खरी वाटतात, पण एकही मुद्दा झालेला नाही. प्रत्येक वाक्याला "का?" आणि "मग काय?" असे दोन प्रश्न विचारा.

असं करून बघू. सक्तीमुळे शिकवण्याची गुणवत्ता घसरते. का? कारण कंटाळवाण्या तासालाही वर्ग भरलेलाच असतो, त्यामुळे आपलं शिकवणं पोहोचत नाहीये हे शिक्षकाला कळायचा एक साधा मार्ग बंद होतो, आणि कॉलेजलाही हजेरीपटावर सगळं छान दिसतं. मग काय? याचा फटका सगळ्यांना सारखा बसत नाही. ज्याच्याकडे क्लासचे पैसे आहेत तो बाहेर शिकून घेतो, पण जो सकाळी पेपर टाकतो, दुपारी पार्टटाइम काम करतो, त्याचा तो तास वायाही जातो आणि तो चुकला तर परीक्षेचा फॉर्मही अडतो. आता हा मुद्दा झाला, कारण यात कारण आहे, माणूस आहे आणि नुकसान कोणाचं हे स्पष्ट आहे.

आता दुसरी बाजू. आमच्या एका सरावात एका फर्स्ट इयरच्या मुलीने या विषयावर प्रतिकूल बाजूने जे सांगितलं ते मी अजून विसरले नाही. ती म्हणाली, "माझ्या घरी मला कॉलेजला पाठवतात कारण मी सांगू शकते की हजेरी भरली नाही तर परीक्षेला बसू देणार नाहीत. ही सक्ती काढलीत तर उद्यापासून घरात पाहुणे आले, आजी आजारी पडली, शेतात काम निघालं, की पहिली सुट्टी माझी होणार, भावाची नाही." सगळी खोली गप्प झाली. तिने आकडेवारी दिली नव्हती, मोठे शब्द वापरले नव्हते, पण नियम कोणाला जाचतो यासोबतच नियम कोणाला वाचवतो हे तिने दाखवलं होतं. गावाकडून, छोट्या शहरातून, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांकडे असं खूप काही असतं जे त्या खोलीतल्या बाकीच्यांना माहीतच नसतं. ते वापरा. फक्त एक काळजी घ्या, स्वतःचा अनुभव सांगून थांबू नका, तो अनुभव अजून कोणाकोणाला लागू पडतो आणि का, हे पुढे जोडा, नाहीतर समोरचा म्हणेल की ही एका घरातली गोष्ट झाली.

खोडायचं कसं, तर समोरच्याचा सगळ्यात कमकुवत मुद्दा उचलू नका, सगळ्यात दणकट उचला. आणि खोडायच्या आधी तो त्याच्याच शब्दांत, नीट, एका वाक्यात सांगा. परीक्षकाला विश्वास वाटतो की तुम्ही ऐकलंय.

वाचनाचं म्हणाल तर रोज एक मराठी आणि एक इंग्लिश पेपर, त्यातलं संपादकीय पान, एवढं पुरे सुरुवातीला. कुठलाही नवा कायदा समजून घ्यायचा असेल तर पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्चच्या साइटवर विधेयकांचे सोपे सारांश असतात. आरोग्य, लग्नाचं वय, पोषण असं काही आलं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण बघा, त्याची पाचवी फेरी २०१९-२१ ची. शाळा-शिक्षणावर 'प्रथम' या संस्थेचे 'असर' अहवाल. आकडा वापरला तर कुठला आणि कोणत्या वर्षाचा ते सांगता आलं पाहिजे, येत नसेल तर वापरू नका. बनवलेला आकडा कधीतरी पकडला जातो आणि मग तुमच्या खऱ्या आकड्यांवरही कोणी विश्वास ठेवत नाही. पुण्यात असाल तर उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमालेला जाऊन बसा, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली ही परंपरा आहे, तासभर एक माणूस बोलतो आणि लोक टिकून ऐकतात, ते कसं घडतं हे समोर बसून बघण्यासारखं आहे.

पहिली स्पर्धा

पहिली स्पर्धा जवळची निवडा, शहरातलीच. पार्लमेंटरी असेल तर नवोदितांसाठीची असते तिला नॉव्हिस म्हणतात, तिथे नाव द्या. मराठी असेल तर नियमावली दोनदा वाचा. भाषेची अट, वेळ, बाजू कोणती, खंडनाला वेगळी वेळ आहे का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कागद काय लागतात. साधारणपणे प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचं पत्र, ओळखपत्र, कधी बोनाफाईड. पत्रासाठी आदल्या दिवशी ऑफिसात गेलात तर प्राचार्य मीटिंगला गेलेले असणार, म्हणून आठवडा आधी अर्ज द्या. आम्ही एकदा शिक्का राहिला म्हणून दोनशे किलोमीटर लांबच्या स्पर्धेतून न बोलता परत आलो होतो, एसटीत कोणी कोणाशी बोललं नाही.

स्पर्धेच्या दिवशी घरून डबा घेऊन जा, कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीत. साधे कपडे, ज्यात तुम्हाला मोकळं वाटतं. भाषणाचा क्रम चिठ्ठीने ठरतो, पहिला नंबर आला तर रडू नका, कोणाचीही छाप पडायच्या आधी परीक्षक ताजे असताना तुम्ही बोलताय. आणि पाय कापतात त्याचं काय? कापू देत. माझे अजून कापतात. टेबल किंवा पोडियम असेल तर एक हात त्यावर ठेवा, पहिलं वाक्य सावकाश म्हणा, पहिलं वाक्य तेवढं पाठ असू द्या, बाकी नको. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला आवाज जागेवर येतो.

तुमचं झालं की बाकीच्यांची भाषणं ऐका, अगदी शेवटच्या स्पर्धकापर्यंत. निकाल लागल्यावर, बक्षीस मिळो न मिळो, परीक्षकांना जाऊन भेटा. "माझे गुण का कमी झाले?" असं विचारू नका, त्यांना बचाव करावासा वाटतो. "माझा कोणता मुद्दा तुमच्यापर्यंत पोहोचला नाही?" असं विचारा. पार्लमेंटरीमध्ये निकाल सांगून झाल्यावर असं विचारायची पद्धतच असते, मराठी स्पर्धांमध्ये तुम्हाला पुढे होऊन विचारावं लागतं, पण बहुतेक परीक्षक आनंदाने सांगतात. लगेच वहीत लिहा, परतीच्या प्रवासात विसरायला होतं.

पैसे, हजेरी आणि घरचे

मराठी स्पर्धांचं प्रवेश शुल्क सहसा झेपण्यासारखं असतं. पार्लमेंटरीच्या मोठ्या स्पर्धांना, विशेषतः बाहेरगावच्या, शुल्क, प्रवास आणि राहणं धरून मोठी रक्कम होते. कॉलेज काही वेळा परतावा देतं, पण आधी खर्च तुमच्या खिशातून आणि पैसे नंतर, तेही तिकीट आणि पावती जपून ठेवली तर. परवडत नसेल तर टीमच्या कॅप्टनला एकटीला-एकट्याला गाठून सरळ सांगा. माझ्या पहिल्या वर्षी मी लाजेने तीन स्पर्धांना "अभ्यास आहे" असं खोटं सांगितलं होतं, नंतर कळलं की अशा वेळेसाठी आमच्या टीमने बक्षिसाच्या रकमेतून थोडे पैसे बाजूला ठेवलेले असायचे, फक्त मागणाऱ्याने मागायला हवं होतं. टीम सांभाळायला लागल्यावर मी पहिल्याच मीटिंगमध्ये हे सगळ्यांसमोर सांगायला सुरुवात केली.

हजेरीचं पत्र स्पर्धेनंतर नाही, आधी घ्या. प्रॅक्टिकल असेल त्या बॅचच्या मॅडमना स्वतः भेटून सांगा.

घरच्यांना, खास करून मुलींच्या घरच्यांना, बाहेरगावी मुक्काम म्हटलं की काळजी वाटते. कुठे जाणार, कोण बरोबर आहे, कुठे राहणार, परत कधी, हे कागदावर लिहून द्या आणि टीममधल्या एखाद्या सीनियर ताईला आईशी फोनवर बोलायला सांगा. मी असे कितीतरी फोन केलेत. "काकू, मी आहे बरोबर" एवढं ऐकलं की बराच फरक पडतो.

जे सहन करायचं नाही

चूक दाखवणं वेगळं आणि अपमान वेगळा. "तुझा दुसरा मुद्दा अपुरा होता, कारण सांगितलंच नाहीस" ही मदत आहे. तुमच्या उच्चारांची, गावाची, आडनावाची, दिसण्याची टिंगल ही मदत नाही, मग तो सीनियर कितीही करंडक जिंकलेला असो. मला एका स्पर्धेत एका मोठ्या वक्त्याने सगळ्यांसमोर माझ्या उच्चाराची नक्कल करून दाखवली होती, त्यानंतर दोन महिने मी तोंड उघडलं नाही. तेव्हा कोणाला सांगायचं हे माहीत नव्हतं. पार्लमेंटरी स्पर्धांमध्ये याच कामासाठी इक्विटी ऑफिसर नेमलेले असतात, नाव न सांगताही तक्रार करता येते. मराठी स्पर्धांमध्ये अशी व्यवस्था क्वचित दिसते, तिथे आयोजकांना किंवा आपल्या समन्वयक मॅडमना लगेच सांगा. लैंगिक त्रासाची गोष्ट असेल तर प्रत्येक कॉलेजमध्ये अंतर्गत तक्रार समिती असणं बंधनकारक आहे, तिच्याकडे जा, टीमच्या ग्रुपवर मिटवत बसू नका.

आणि वादाच्या खोलीत ज्याच्याशी भांडलात त्याच्याबरोबर बाहेर चहा प्या. तुमची बाजू चिठ्ठीने ठरलेली होती, त्याचीही.

एवढं पुरे सुरुवातीला. पहिल्या मीटिंगला येताना एक वही, दोन रंगांची पेनं आणि मोबाईलमध्ये चार्जिंग असू द्या, स्टॉपवॉच त्यातच असतं. पाच मिनिटं आधी या, पुढच्या बाकावर बसा. सराव सुरू व्हायच्या आधी कोणीतरी विचारेलच, "अरे, टाइम कोण लावतंय?" तेव्हा हात वर करा.